जे माईकमधून आलं नाही

नवी राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत सर्वात ताकदवान माणूस कोण, असं कुणालाही विचारा, अध्यक्षांचं नाव घेतील. घेऊ देत. लोकांना काय कळतंय! खरा माणूस मी. सभागृहाच्या मागच्या भिंतीत काचेची एक खोली आहे, तिथे माझी खुर्ची. मी बटण दाबल्याशिवाय कुठल्याही सदस्यापुढचा लाल दिवा लागत नाही, आणि दिवा लागल्याशिवाय माईक चालत नाही. सभागृह एवढं मोठं की सगळे कानांवर हेडफोन लावून बसतात. सभेचा नियमच आहे, जे माईकमधून आलं नाही ते बोललं गेलं नाही. मग तुम्ही गळ्याच्या शिरा ताणून ओरडा, नाहीतर टेबलावर चढा.

अध्यक्षांना खोकल्याचा फार राग. कुणी खोकलं, खुर्ची करकरली, कागद सळसळला की त्यांची भुवई वर जायची. म्हणून मी गेट बसवलं. गेट म्हणजे काही नाही, एक ठरावीक पातळी ठरवायची आणि तिच्याखालचा आवाज पुढे सोडायचाच नाही. वर कुणी छेडछाड करू नये म्हणून गेटला कुलूप घालून किल्ली अध्यक्षांकडे ठेवायची, ही कल्पनाही माझीच. इतर सभागृहांत म्हणे टाचणी पडली तर ऐकू येते. माझ्या सभागृहात हातोडा पडला तरच ऐकू येईल.

अध्यक्ष जाम खूश झाले. मला मात्र त्या दिवसापासून जरा कसंतरीच वाटायला लागलं. काचेपलीकडे माणसं कुजबुजताहेत, हसताहेत, एखादा रुमालात तोंड खुपसून शिंकतोय, आणि माझ्या हेडफोनमध्ये काहीच नाही. विहिरीत डोकावल्यासारखं व्हायचं. मी स्वतःला म्हटलं, यालाच स्वच्छ काम म्हणतात.

आता ताईबद्दल सांगतो. ताई माझी थोरली बहीण, मुलांच्या वॉर्डात मुख्य परिचारिका. गेल्या वर्षी वॉर्डात आलेलं एक औषध नासकं निघालं. ताईने वरिष्ठांना सांगितलं, ते म्हणाले बघू. मग ताईने सरळ वर्तमानपत्राला सांगितलं. औषध परत गेलं, मुलं वाचली आणि वरिष्ठ ताईच्या हात धुऊन मागे लागले. पण जुन्या घटनेत नागरिकाला सरकारविरुद्ध बोलायचा हक्क देणारं एक कलम होतं. त्या कलमामुळे त्यांना तिचा केसही वाकडा करता आला नाही.

नव्या घटनेत ते कलम बदलायचं घाटत होतं. बोलायचा हक्क राहील, फक्त आधी परवानगी घ्यावी लागेल. ही सूचना आणणाऱ्या सदस्याला आम्ही 'कडक इस्त्री' म्हणतो. त्याचा आवाज असा की गेट काय, वेशीसुद्धा उघडतील. आणि नागरिकांच्या वतीने विरोधात बोलायला कुणाला निवडलं? आमच्या ताईला.

"मला नाही जमायचं," ताई म्हणाली. "माईक दिसला की माझा घसा बंद होतो. आणि मी कमी पडले तर वॉर्डातल्या त्या सगळ्या मुलांचं काय रे? माझी नोकरी गेली तर गेली. पुढच्या वेळी बोलणार कोण?"

"ताई, मी आहे ना!"

"म्हणूनच भीती वाटते."

मी तिला शांतपणे समजावलं. आदल्या आठवड्यात माझ्या खोलीत ये, निवांत बोल, मी रेकॉर्ड करतो. त्या दिवशी तू नुसती उभी राहा, ओठ हलव. आवाज मी सोडतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.

ताई आली, बसली, बोलली. काय बोलली म्हणता! कडक इस्त्रीची नक्कल तर अशी केली की मी खुर्चीतून पडायच्या बेतात होतो. "नागरिक फार बोलतात! परवानगी घ्यायला काय हरकत आहे!" असं गरजायची, आणि मग आवाज खाली आणून त्याला उत्तर द्यायची. वॉर्डातली सवय ती. मुलं झोपलेली असतात. बोलणं जितकं गंभीर तितका तिचा आवाज हळू. आईबाप आपोआप वाकून ऐकतात. "हरकत एवढीच," ती जवळजवळ कुजबुजली, "परवानगी येईपर्यंत ताप थांबत नाही." माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, ताई, जिंकलीस तू.

नेमके तेव्हाच अध्यक्ष खोलीत डोकावले. मी गारठलो. पण त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे आधीच रेकॉर्ड करायचं? मग मधे कुणी अडखळणार नाही?"

"नाही साहेब."

"कुणी ऐनवेळी मत बदलणार नाही?"

"कसं बदलेल साहेब? रेकॉर्ड झालेलं असतं."

"सगळ्यांचंच करून टाका."

झालं! सदस्यांची रांग लागली. मी सगळी भाषणं रेकॉर्ड केली, एकदमच गेटमधून काढली आणि ओळीने लावून ठेवली. ऐकून बघितली का? मुळीच नाही. मशीन माझं, हात माझा, ऐकायचंय काय?

चर्चेचा दिवस उजाडला. लख्ख ऊन, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि तरी मला थंडी वाजत होती. सदस्य एकेक करून उभे राहिले, ओठ हलवू लागले, आवाज ओठांच्या किंचित मागून येऊ लागला. सगळ्यांची भाषणं कशी खणखणीत! कुठे शंका नाही, कुठे आढेवेढे नाहीत. हे असे कधीपासून बोलायला लागले, मला कळेना.

मग नानांचा दिवा लागला. नाना म्हणजे सभेतले सर्वात वृद्ध सदस्य. चार दिवसांपूर्वी वारले. खुर्चीवर त्यांचा हार घातलेला फोटो ठेवला होता. यादीतून त्यांना काढायचं मी साफ विसरलो होतो. त्या रिकाम्या खुर्चीतून नाना गरजले, "अध्यक्ष महोदय!" मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, "अध्यक्ष महोदय!" आणि शेवटी, "आभारी आहे!" मधलं सगळं गेलं होतं. नाना म्हातारे, आवाज बसलेला. आणि सभेने टाळ्या वाजवल्या हो! अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी मोजक्या शब्दांत मत मांडलं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण ताई उभी राहिली होती.

"नागरिक फार बोलतात!" ताईचा आवाज सभागृहभर घुमला. मग शांतता. "परवानगी घ्यायला काय हरकत आहे!" मग शांतता. नकला तेवढ्या उरल्या होत्या. उत्तरं सगळी गेटने खाल्ली होती. ताईचे ओठ हलायचे थांबले. ती तोंड मिटून उभी होती आणि तिचाच आवाज तिच्या नोकरीवर, तिच्या वॉर्डातल्या मुलांवर उठला होता. कडक इस्त्री खुशीत मान डोलवत होता.

मी झटक्यात रेकॉर्ड बंद केलं आणि तिचा माईक सुरू केला. लाल दिवा लागला. बोल, ताई! ताईने काचेकडे, माझ्याकडे पाहिलं आणि ती बोलायला लागली. घसा बंद झाला नाही तिचा. मी तिच्या ओठांवरून ओळखलं, तापाचं वाक्य तेच होतं. पण हेडफोनमध्ये चिटपाखरू नव्हतं. इतकं गंभीर बोलताना ताई मोठ्याने कशी बोलणार? आणि गेटची किल्ली तर अध्यक्षांकडे! शेजारच्या सदस्याने हेडफोन झटकून पाहिला आणि पुन्हा कानावर ठेवला.

मग मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. माझ्या खोलीतला माईक ओढला. "हॅलो! हॅलो!" सवयीने आवाज दणदणीत निघाला. सगळी डोकी माझ्याकडे वळली. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. मी म्हटलं, "थांबा. चूक माझी आहे. माझी बहीण विरोधात बोलते आहे." सगळं सांगितलं मी, एकही गोष्ट लपवली नाही. हेडफोनमध्ये मला माझा एकही शब्द ऐकू आला नाही.

अध्यक्ष हसले. "चालू आहे हो तुमचा माईक, चालू आहे." सभाही हसली, म्हणजे हसताना दिसली.

मतदान आवाजी. "अनुकूल?" सभागृह दणाणलं. "प्रतिकूल?" काचेपलीकडे बऱ्याच जणांचे ओठ हलले. खाली मान घालून, जपून, चोरून. माझ्या कानात विहीर होती.

"एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळी ताईकडे गेलो. दार बंद होतं. वरिष्ठांचा माणूस म्हणे दुपारीच येऊन गेला, उद्यापासून वॉर्डात येऊ नका म्हणाला. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "ताई, चुकलं माझं."

मी पुन्हा म्हटलं, आणखी हळू.

"मोठ्याने बोल," आतून ताई म्हणाली. "हळू बोललेलं आता धरत नाहीत."

मोठ्याने बोलायला माझी काही ना नव्हती. पण जिन्यात शेजारी उभे होते आणि मी परवानगी घेतलेली नव्हती.