वाफ्यातली गढी

गड चढून आलेल्या माणसाला सगळे "कसा झाला ट्रेक?" असं विचारतात. आमच्या लिमयेबाई विचारतात, "संडास सापडला का?"

तेही भर फाटकात, वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात. बाणेरच्या आमच्या सोसायटीतली निम्मी तरुण मंडळी हिंजवडीला नोकरी करतात. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये पेंगायचं आणि रविवारी गड चढायचा, हा त्यांचा नेम. चिखलाचे बूट घेऊन ती परतली की बाई वाट अडवतात. "तोफ पाहिली, तटावर पाय सोडून फोटो काढले. पण वर शिबंदी राहत होती ना? ती जेवत होती, मग पुढचं कुठे उरकत होती? पाणी कुठून आणत होती? मोरी कुठे होती? नाही पाहिली! मूर्खांचा बाजार आहे नुसता!"

बाई पुरातत्त्वातल्या. गढ्या, कोट, गावकुसं मोजण्यात आणि शिकवण्यात सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. आमचे अध्यक्ष देवधर यांच्या सौभाग्यवतींनी एकदा कारण विचारलं, तर बाई म्हणाल्या, "जमलं नाही. तुमचं जमलंय का?" त्यानंतर सोसायटीत तो विषय निघालेला नाही.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद कोणी मागून घेत नाही; मीटिंगला जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात ते पडतं. तेव्हा बाईंच्या सगळ्या भांडणांचा पोस्टमन मीच.

सगळ्यात मोठं भांडण मातीवरून झालं. बागेच्या वाफ्यांसाठी देवधरांनी ट्रकभर माती मागवली. ट्रकवाला म्हणाला, "एकदम कसदार पोयटा आहे साहेब, काठी रोवली तरी पालवी फुटेल." ढीग पडला आणि नेमक्या त्याच वेळी बाई भाजी घेऊन आत आल्या. थबकल्या, वाकल्या, भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि ओरडल्या, "कोणाची गढी आणून टाकलीत इथे?"

मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. त्यांनी तळहात माझ्या नाकासमोर धरला. त्यावर काळ्या-पिवळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता, एका चिलमीचं तोंड होतं आणि हिरवी झिलई असलेलं खापर होतं. "शेतात इतकी राख नसते. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात, चुली पेटवतात, भांडी फोडतात, बांगड्या वाढवतात, तेव्हा अशी माती होते. म्हणून ती कसदार! आणि तुम्ही तिच्यात गुलाब लावणार!"

दुसऱ्या दिवशी ढिगाभोवती सुतळी बांधलेली आणि पाटी लटकलेली: 'येथे उत्खनन चालू आहे. फुले मंडईत मिळतात.'

देवधर खवळले. "बाई, ही सोसायटीची कॉमन जागा आहे!"

"जागा तुमची. माती चोरीची."

"पैसे मोजलेत मी!"

"मग चोरीचा माल घेतलात. त्यालाही कायदा आहे."

मग त्या रोज सकाळी पार्किंगमध्ये स्टुलावर बसून पिठाच्या चाळणीने माती चाळू लागल्या. माझ्या गाडीवर धुळीचा थर बसला. मी रीतसर तक्रार केली. त्यावर बाई म्हणाल्या, "पुसू नका. ती धूळ तुमच्या गाडीपेक्षा जुनी आहे." असा संताप आला मला! दिवसभर कंपनीत साहेबाचं ऐकायचं आणि घरी येऊन हे. पण चाळणीत उरलेले तुकडे त्या ज्या काळजीने जुन्या साडीच्या चिंधीवर मांडायच्या, ते पाहून पुढचे शब्द गिळावे लागायचे.

शेवटी मीच ट्रकवाल्याकडून पत्ता काढला. हिंजवडीच्या पलीकडचं गाव. तिथे गढी पाडून जमीन सपाट करणं चालू होतं. बाईंनी फोनवर फोन लावले. एका कचेरीत त्यांना उत्तर मिळालं की ती गढी यादीत नाही, त्यामुळे काही करता येणार नाही. "यादीत नाही!" बाई फोन आपटून म्हणाल्या. "मी तरी कुठल्या यादीत आहे? मलाही पाडा!"

मी रजा टाकून त्यांना गाडीतून घेऊन गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, त्यांच्या मधूनमधून उरलेली उसाची वावरं. गढीचा एकच बुरूज उभा होता. बाकीच्या जागेवर जेसीबी फिरत होता. लिंबाखाली मोठी गाडी, तिला टेकून पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले जमीनमालक. बाळासाहेब त्यांचं नाव.

बाईंनी नमस्कार न करताच सुरुवात केली. "कोणाला विचारून पाडताय हे?"

"ईचारायचं कुनाला? आमचीच गढी हाय. आमी इकली."

"तुमची? तुम्ही बांधलीत?"

"आमच्या आज्याच्या पंज्यानं."

"त्याला विचारलंत?"

बाळासाहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, तुमी ऱ्हाता ती सोसायटी कुनाच्या वावरात हाय, ते ईचारलं व्हतं का कुनाला? तुमी शेरातल्या लोकांनी आमची गावं गिळायची आन वर आमालाच शिकवायचं व्हय? दगडामातीचा लई पुळका आलाय. आमची मानसं जगली का मेली, ते बघाया कोन आलं न्हाई कवा!"

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्यांनी पिशवीतून मोजायची टेप काढली. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पण मला मोजू तरी द्या. आजचा दिवस."

बाळासाहेबांनी हात हलवून जेसीबी थांबवला, गाडीत बसले आणि काच वर घेतली.

दिवस मावळेपर्यंत आम्ही मोजत होतो. म्हणजे बाई मोजत होत्या आणि मी ऑफिसच्या बुटांनी ढेकळं तुडवत टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. उखडलेल्या पायाच्या खुणांवरून त्यांनी सगळी गढी कागदावर उतरवली. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम तिकडून गेलो. बुरूज नव्हता. काही संबंध नसताना माझ्या तोंडून बाईंचंच वाक्य बाहेर पडलं, मूर्खांचा बाजार.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खाली जाऊन सुतळी सोडली, पाटी काढली आणि देवधरांना म्हणाल्या, "दिवाळीनंतर लावा तुमचे गुलाब." देवधरांना हायसं वाटलं असेल. मला मात्र ते बघवलं नाही. भांडणाऱ्या बाई चालत होत्या, ह्या चालेनात.

दिवाळीच्या आधी पोरं किल्ल्यासाठी माती मागायला दबकत दबकत ढिगापाशी आली. मी मध्ये पडायला धावलो, तर बाईच पदर खोचून, बादली घेऊन खाली उतरल्या होत्या. "रायगड-प्रतापगड सगळेच करतात," त्या पोरांना म्हणाल्या. "आपण ह्या मातीतल्या गढीचाच करायचा. आणि शौचकूप आधी!"

दोन दिवस त्या मातीत बसल्या होत्या. कोपरापर्यंत चिखल, केसांत चिखल. मी चहा घेऊन गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्याकडे किल्ला भाऊ करायचे. मला पाणी आणायला ठेवलेलं. बुरुजाला हात लावू द्यायचे नाहीत." मग अंगठ्याने तटाची कड सारखी करत म्हणाल्या, "बाळासाहेबांना फोन करा. म्हणावं, बघून जा."

"त्या माणसाला?" मी उसळलो. "ज्याने विकली त्याला?"

"मग कोणाला बोलावू? तिथे राहिलेलं दुसरं कोण उरलंय?"

मला वाटलं होतं, तो माणूस येणार नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तीच मोठी गाडी फाटकाशी थांबली. बाळासाहेब उतरले, किल्ल्यापाशी आले आणि वाकून तटाभोवती फिरले. मग म्हणाले, "बाई, हे चुकलं."

पोरं दचकली. बाईंना कोणी असं तोंडावर म्हणत नाही.

"जिना हितं न्हवता. उगवतीच्या अंगाला व्हता."

"तिथे मला पाया सापडला नाही," बाई म्हणाल्या.

"लाकडाचा व्हता. पाया कसा घावंल? वर माळा व्हता धान्याचा. उन्हाळ्यात आमी पोरं थितंच निजायचो." त्यांनी बोटाने माळ्याची जागा दाखवली.

आता बाई पुरावा मागणार, असं मला वाटलं. त्यांनी आपला जिना मोडून टाकला, स्टूल बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "मग बघत काय उभे राहिलात? बसा. तुम्ही करा."

बाळासाहेबांनी आपल्या पांढऱ्या कपड्यांकडे एकदा पाहिलं. मग हातातली अंगठी काढून खिशात टाकली आणि फतकल मारून बसले. मातीचा गोळा हातात घेऊन म्हणाले, "कोरडी झालीया."

"थांबा," बाई म्हणाल्या आणि बादली उचलून नळाकडे गेल्या.