जांभळ्या रंगाला शंभर गुण

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. नदी होती, करवंदं होती, आणि हल्ली रक्त तपासायची ढोलीसुद्धा झाली होती. हसू नका. ताप आला की आधी ढोलीपाशी जायचं, मग अस्वल वैद्यांकडे. निकालाशिवाय काढा नाही, असा सिंहमहाराजांचा हुकूमच होता.

ढोलीत घारमावशी बसायची. साळिंदराच्या काट्याने कान टोचायची, थेंब काचेवर पसरायची आणि त्यावर पळसफुलांचा नि निळीचा रंग घालायची. रक्तातल्या पेशी गुलाबी दिसायच्या. तापाचे जंतू असले तर त्या गुलाबीत निळे ठिपके. ठिपके दिसले रे दिसले की मावशी तिथूनच ओरडायची, "काढा द्या हो!"

एकदा माकडशेठ दरबारात नवा रंग घेऊन आले. निव्वळ जांभळांचा.

"महाराज, मावशीचा रंग चांगला असं म्हणतं कोण? मावशीच! एकदा मोजून बघा ना."

महाराजांना 'मोजून' हा शब्द फार आवडला. सगळ्याच महाराजांना आवडतो.

पण मोजायचं कुणी? मोराचा ओढा निळ्याकडे, पोपटाचा हिरव्याकडे. शेवटी चिचुंद्रीबाई सापडल्या. त्यांना रंग दिसतच नव्हते. जिला रंगच दिसत नाही, ती कुठल्या रंगाची बाजू घेणार? सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाईंनी पद्धत बसवली. रंगवलेली काच उन्हात धरायची आणि तिची सावली बघायची. सावली गडद, तर गुण. सगळ्या काचांच्या सावल्या सारख्या, तर आणखी गुण.

मावशीच्या काचांच्या सावल्या फिकट पडल्या. शिवाय आजाऱ्याची एक तऱ्हा, धडधाकटाची दुसरी.

"एकसारखेपणा नाही," बाई म्हणाल्या. "काठावर पास."

"अगं बाई, वेगळं दिसावं म्हणून तर रंग घालतात!"

"हे तुमचं मत झालं, मावशी."

जांभळा रंग मात्र पेशींवर चढला, जंतूंवर चढला, काचेवर चढला, माकडशेठच्या नाकावरही चढला. सगळ्या सावल्या काळ्याकुट्ट, जुळ्या बहिणींसारख्या. शंभरपैकी शंभर! महाराजांनी जांभळा रंग निवडला आणि पळसफुलं त्याच दिवशी नदीत सोडली.

आणि नेमका भेकरवहिनीच्या पाडसाला ताप आला. वहिनीने त्याचं कपाळ चाटलं, तर जीभ पोळली. ती त्याला ढकलत ढकलत ढोलीपाशी घेऊन गेली.

मावशीने काच डोळ्याजवळ नेली, लांब धरली, उलटी केली.

"वहिनी, सगळं जांभळंच गं. ठिपका असला तरी कुठे शोधू?"

अस्वल वैद्य म्हणाले, "निकाल स्वच्छ आहे. लेकरू ठणठणीत आहे तुमचं."

"ठणठणीत लेकरू असं कुडकुडतं होय? अहो, पंजा लावून तरी बघा!"

"पंजा लावून? मोजमापाच्या काळात?" वैद्यांनी पंजे पाठीमागे घेतले. मागे चुलीवर काढा रटरटत होता. पण वहिनीसाठी नव्हता.

पाडसाने पाणी पिणंही सोडलं. वहिनी रडायला लागली. शेजारणी येऊन म्हणाल्या, "निकाल चांगला आलाय ना? मग रडतेस कशाला?"

आता, वहिनीला एक खोड होती. कुणाचंही दार उघडं दिसलं की मान आत जायचीच. खोड वाईटच, मुलांनो. पण काढ्याचा वास आला म्हणून तिने सिंहाच्या गुहेत मान घातली, ते बरं झालं.

महाराज पाचोळ्यात लोळत होते. आयाळ हलत होती, दात वाजत होते. वैद्य त्यांच्या तोंडाला भोपळा लावून म्हणत होते, "सरबत आहे, महाराज. निव्वळ सरबत."

"अगं बाई, महाराजांना ताप?" वहिनी म्हणाली.

वैद्य दचकले. "छे छे! निकाल स्वच्छ आहे."

"माझ्या लेकराचाही तोच आलाय. जरा दोन्ही काचा शेजारी धरायला सांगा की."

चिचुंद्रीबाईंना बोलावलं. त्यांनी गुहेच्या तोंडाशी, उन्हात, दोन्ही काचा धरल्या आणि अभिमानाने सांगितलं, "तंतोतंत सारख्या!"

"झालं तर मग," वहिनी म्हणाली. "रक्त सारखं, तर सरबतही सारखं. की मोजणी चुकली म्हणता?"

बाईंनी वैद्यांकडे पाहिलं, वैद्यांनी महाराजांकडे. मोजणी चुकली म्हणावं, तर रंग निवडला होता महाराजांनी.

"द... द... द्या," महाराज म्हणाले. "एकसारखं आहे ना? सगळ्यांनाच द्या."

पाडस भोपळाभर काढा प्यालं, रात्रभर घामाने भिजलं आणि सकाळी आईलाच ढुशी मारू लागलं. वहिनी हसली नि रडली, दोन्ही एकदम.

तेव्हापासून त्या जंगलात रक्त द्यायला गेलेल्या प्रत्येकाला काढा मिळतो. काटा रुतलेल्या सशालाही मिळाला. बिचारा झाडामागे जाऊन ओकला. माकडशेठना मानाचा भोपळा पहिला. आणि जांभळा रंग? तो आल्यापासून जंगलात एकाही रक्तात ठिपका सापडलेला नाही, म्हणून त्याचा मोठा सत्कार झाला.

"मग मी आता इथे बसून बघू तरी काय?" मावशीने विचारलं.

वहिनी हळूच म्हणाली, "काच राहू दे गं. महाराजांच्या तब्येतीवर डोळा ठेव."

तात्पर्य : काटेकोर आणि निःपक्ष मोजमाप असलं की गरिबाच्या लेकरालाही न्याय मिळतो. फक्त त्याच आठवड्यात राजालाही ताप यावा लागतो.