सहदेव भोईरांचा पांढरा टेंपो

सहदेव भोईर बावीस वर्षं मोटरसायकल चालवत होते आणि बावीस वर्षांत त्यांना साधं खरचटलंही नव्हतं. ही गोष्ट ज्याला त्यांनी ऐकवली नाही असा माणूस कशेळ्यापासून कर्जतपर्यंतच्या रस्त्यावर शोधून सापडला नसता. खालापूरकडच्या एका कारखान्यात ते सेफ्टी सुपरवायझर होते. कामगारांनी बूट घातलेत का, डोक्यावर टोप्या आहेत का, हे बघायची त्यांची नोकरी. पण ती नोकरी आता अंगात मुरली होती. लग्नाच्या पंगतीत कढत वरणाची बादली घेऊन धावणाऱ्या वाढप्यालासुद्धा ते थांबवत आणि आधी चपला काढून ये, घसरशील, असं समजावत. तोवर पंगत कोरडा भात घेऊन बसलेली असे.

यंदा जानेवारीत कारखान्यात सुरक्षा सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी सहदेवभाऊंचं भाषण ठेवलं होतं. ते चाळीस मिनिटं बोलले. अपघात होत नसतो, माणूस तो करतो, हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळ्या झाल्या. त्याच तोऱ्यात ते संध्याकाळी घराकडे निघाले.

गावाच्या अलीकडे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक बाई स्कूटर उभी करून फोनवर बोलत होती. तिचं बाजूचं स्टँड खाली होतं. ही बाई स्टँड वर न करताच निघणार आणि पहिल्याच वळणावर पडणार, हे भाऊंना स्वच्छ दिसलं. तिला सावध करावं म्हणून त्यांनी गाडी डाव्या कडेला घेतली, व्यवस्थित थांबवली, आणि पाय टेकायला डावा पाय खाली सोडला.

तिथं जमीन नव्हती. रस्ता नवा काँक्रीटचा होता, कडेच्या मातीपेक्षा चांगला दीड वीत उंच. पाय जमीन शोधत खाली गेला, पायामागून गाडी गेली आणि गाडीमागून सहदेवभाऊ. हे सगळं इतक्या सावकाश झालं की वाटेत त्यांना दोनदा वाटून गेलं, आपण पडत नाही आहोत. मग ते कडेच्या चिखलाच्या चरात होते. ती बाई फोन ठेवून, आठवणीनं स्टँड वर करून निघून गेली. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

डाव्या मनगटाला बारीक चीर गेली आणि गुडघा सोलपटला. तीन आठवडे प्लास्टर.

घरी बायको सोनालीनं विचारलं, कसं झालं? सोनाली अंगणवाडीत सेविका होती. चाळीस पोरांच्या थापा रोज ऐकायची तिला सवय होती, म्हणून भाऊ तिच्याशी सहसा खरंच बोलत. आजही बोलणार होते. पण तिच्या मागे दारात शेजारचे आबाजी उभे होते. आबाजी म्हणजे गावचे जुने पोलीसपाटील. मागच्याच आठवड्यात भाऊंनी त्यांना हात न दाखवता वळल्याबद्दल भर चौकात वीस मिनिटं शिकवलं होतं. त्या आबाजींच्या समोर, थांबलेल्या गाडीवरून पडलो, हे शब्द काही केल्या तोंडातून निघेनात.

"टेंपोनं कट मारला," सहदेवभाऊ म्हणाले.

आबाजींचे डोळे चमकले. पाटीलकी सुटून त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत एकही तपास हाती लागला नव्हता. टेंपो कुठल्या रंगाचा, त्यांनी विचारलं. भाऊंनी विचार करून पांढरा सांगितला, कारण तालुक्यात पांढरे टेंपो म्हणजे भातखाचरातले बगळे, मोजायचे म्हटले तरी मोजता यायचे नाहीत. मागं काय होतं? निळी ताडपत्री. तीही सगळ्यांनाच असते. आबाजी म्हणाले, पोलिसांत जाऊ. त्यावर भाऊंनी बरा हात वर केला आणि म्हणाले, जाऊ द्या, गरिबाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा. हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं.

भेटायला येणारे पुष्कळ होते. कुणी शहाळं आणी, कुणी बिस्किटं, आणि प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून हवी असे. टेंपो तसा छोटा होता, पण पाहुण्यागणिक वाढत गेला. दुसऱ्या दिवशी तो भरधाव आला. चौथ्या दिवशी तो उलट्या बाजूनं आला आणि त्यात विटा भरलेल्या होत्या. पाचव्या दिवशी भाऊंनी प्रसंगावधान राखून गाडी चरात उतरवली नसती तर समोरची स्कूटरवाली बाईसुद्धा गेली असती. सोनाली चुलीपाशी बसून हे ऐकायची. एकदा पाहुणे गेल्यावर तिनं सहज विचारलं, टेंपो उजवीकडनं आला ना, मग गाडीला उजवीकडे एकसुद्धा ओरखडा कसा नाय?

"त्यालाच तर चालवणं म्हणतात," भाऊ म्हणाले.

सोनाली तांदूळ निवडायला बसली.

भाऊंना खात्री होती की नसलेला टेंपो कुणाला सापडणार नाही. पण आठव्या दिवशी सकाळी आबाजी आले ते कान्हाला घेऊन. कान्हा शेजारच्या वाडीतला, चाळिशीचा, अबोल माणूस. स्वतःचा छोटा पांढरा टेंपो होता त्याचा. आसपासच्या शेतांतल्या वालाच्या शेंगा आणि भाजी भरून तो रोज कर्जतच्या बाजारात नेई. बरोबर त्याची बायको सोनुबाई होती. कान्हाच्या बगलेत एक गावठी कोंबडा होता आणि सोनुबाईच्या डोक्यावर शेंगांचं गाठोडं.

"भाऊ," कान्हा उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "तो मीच."

"कोण तो?"

"टेंपोवाला."

मग आबाजींनी तपास सांगितला. तीन दिवस ते कशेळ्याच्या नाक्यावर पांढरे टेंपो अडवत होते. त्या संध्याकाळी, त्या वेळेला, त्या रस्त्यानं, निळी ताडपत्री लावून गेलेला एकच माणूस निघाला. कान्हानं आधी नाही म्हटलं होतं. पण आबाजींनी दोन तास शांतपणे विचारलं तेव्हा त्याला आठवलं की त्याच ठिकाणी डाव्या बाजूला काहीतरी टक् करून वाजलं होतं. फांदी असंल असं समजून तो तसाच पुढे गेला होता. आता त्याला कळलं होतं की ती फांदी नव्हती, सहदेवभाऊ होते.

भाऊंनी खरं सांगायची वेळ ती हीच होती. पण समोर कान्हा रडवेला उभा, शेजारी आबाजी अकरा वर्षांनी तरुण झालेले, आणि भाऊंच्या डोक्यात एक सोपी वाट चमकली. माफ करून टाकावं. माफ केलं की विषय संपला, कुणाचं नुकसान नाही. त्यांनी कान्हाला माफ केलं, आरशात बघून ओव्हरटेक कसं करायचं हे अर्धा तास समजावलं आणि शेंगा ठेवून घेतल्या. कोंबडा नको म्हणत होते, पण कान्हा तो अंगणात सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हा चालत आला आणि भाऊंच्या घरचं पाणी भरू लागला. तिसऱ्या दिवशी त्यानं लाकडं फोडली. चौथ्या दिवशी त्यानं भाऊंना धरून अंगणात फिरवलं, जसं काही पायाला प्लास्टर होतं. भाऊंना हे हळूहळू सुखाचं वाटू लागलं. चूक सुधारायची संधी प्रत्येकाला मिळायला हवी, असं ते सोनालीला म्हणाले.

पाचव्या दिवशी सोनुबाई एकटीच अंगणवाडीत आली आणि सोनालीपाशी बसून रडली. कान्हानं टेंपोची चावी काढून देव्हाऱ्यात ठेवली होती. माणूस मेला असता माझ्या हातनं, आता या हातानं स्टेअरिंग नाय धरायचं, असं म्हणत होता. वालाचा हंगाम ऐन भरात, पण शेतकऱ्यांच्या शेंगा दुसऱ्यांच्या गाड्यांतून जाऊ लागल्या होत्या आणि कान्हा, भाऊंचं पाणी भरून झालं की, वीटभट्टीवर विटा उचलायला जात होता.

सोनालीनं हे सगळं जेवायला वाढताना सांगितलं. आवाज न चढवता, भाजीत मीठ कमी आहे का विचारावं तसं. मग म्हणाली, "चिखल डाव्या बाजूला बुटापासून हेल्मेटपर्यंत होता. उजव्या बुटाचं पॉलिशसुद्धा नाय गेलं. मी पयल्याच दिवशी बघितलं. तुमचं तुमी सांगाल म्हणून गप बसले."

भाऊंच्या हातातला घास ताटात परत गेला. माणसं सुरक्षित राहावीत म्हणून ते जन्मभर बोलत आले होते आणि त्यांच्या एका वाक्यानं धडधाकट माणूस गाडीवरून खाली उतरला होता. एकदम त्यांना आपल्या चाळीस मिनिटांच्या भाषणाची लाज वाटली. पण भाऊ मुळात धीराचे. सकाळी खरं सांगायचं, दोन मिनिटांत मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते ठरल्याबरोबर त्यांना पुन्हा बरं वाटू लागलं.

सकाळी कान्हा आला. साक्षीदार हवा म्हणून भाऊंनी आबाजींनाही बोलावलं.

"कान्हा, तुझा टेंपो तिथं नव्हता," भाऊ म्हणाले. "कुठलाच टेंपो नव्हता. मी थांबलेल्या गाडीवरनं पडलो. माझा मीच."

मग आबाजींनी डोक्यावरची टोपी काढली.

"बघ रं कान्हा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुझा धंदा बसला म्हणून हा माणूस सगळं आपल्या अंगावर घेतोय. असा माणूस मी पाटीलकीत नाय बघितला."

कान्हा भाऊंच्या पाया पडला. भाऊ शपथा घालू लागले, तशी आबाजींची खात्री आणखी पक्की झाली. सोनाली मध्ये पडून पॉलिशचं सांगू लागली, तेव्हा आबाजी म्हणाले की नवरा असा म्हटल्यावर बायकोही त्याला शोभेल अशीच असणार. दुपारपर्यंत वाडीवाडीत झालं की सहदेव भोईर देवमाणूस आहे. कान्हा भट्टीवर गेलाच, आणि आता तर त्याला चावी हातात घ्यायचं तोंडच उरलं नाही.

तेव्हा भाऊंनी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. कारखान्यात ते हेच करत. सांगून पटत नसेल तर करून दाखवायचं.

प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गावाबाहेरच्या त्या जागी गेले. मनगटाला पट्टी होती म्हणून मोटरसायकल कान्हानं ढकलत नेली. आबाजी वही घेऊन आले होते. भाऊ हेल्मेट घालून गाडीवर बसले, गाडी बंदच ठेवली, आणि म्हणाले, आता नीट बघा, मी असा थांबलो आणि असा पाय सोडला.

पाय छान टेकला. गाडी कशी खांबासारखी उभी राहिली. भाऊंनी खाली पाहिलं तर रस्त्याच्या कडेला ताजा मुरूम भरलेला होता. आबाजी नम्रपणे म्हणाले की तुमच्या अपघातानंतर मीच ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता, टेंपो चुकवताना चरात उतरायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. कालच मुरूम पडला.

कान्हा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ. किती कराल माझ्यासाठी."

भाऊ इरेला पेटले. मुरूम कुठपर्यंत आहे, त्यांनी विचारलं. वीस पावलांवर तो संपत होता. तिथं कड पहिल्यासारखीच होती. भाऊ पायांनीच गाडी ढकलत तिथवर गेले. आता खाली काही नाही हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे पाय फक्त सोडल्यासारखा करायचा, तोल जातोय एवढं दाखवायचं आणि लगेच सावरायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांनी तो आबाजींना नीट समजावून सांगितला आणि डावा पाय सोडला.

या वेळीही ते सावकाशच पडले. मध्येच त्यांनी आबाजींकडे पाहून, "हे असं" म्हटल्याचं कान्हा नंतर सांगतो. मग गाडी आडवी झाली आणि भाऊ चरात दिसेनासे झाले.

आबाजी कडेला येऊन किती तरी वेळ खाली बघत राहिले. त्यांनी वही मिटली. कान्हाच्या चेहऱ्यावरचं ओझं मात्र डोळ्यांदेखत उतरत गेलं. तो खाली बसला, भाऊंचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "भाऊ, मंजे खरंच माझा टेंपो नव्हता?"

"नव्हता रं," चरातून आवाज आला. "आता तो घेऊन ये. घोटा हलत नाय."

कान्हा धावत वाडीत गेला. इतक्या दिवसांनी त्यानं देव्हाऱ्यातली चावी उचलली. टेंपो पहिल्या झटक्यात सुरू झाला, आणि सोनुबाई दारात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत होती. मागं मोटरसायकल, मोटरसायकल धरून आबाजी, पुढं कान्हाशेजारी भाऊ, अशी वरात कर्जतच्या दवाखान्याकडे निघाली. वाटेत कान्हा, जो कधी फारसं बोलत नसे, बोलत राहिला. थांबायच्या आधी खाली बघायचं भाऊ, तो म्हणाला. नवीन रस्त्यावर कडेला घ्यायची नाय. आणि तुमच्या उंचीला सीट थोडी खाली करून घ्या, कशेळ्यात माणूस हाय ओळखीचा. सेफ्टी सुपरवायझर सहदेव भोईर सगळं मान खाली घालून ऐकत होते.

दवाखान्यात सिस्टरनं घोट्याला बर्फ लावला, फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, गाडीचा वेग किती होता?

भाऊंनी एकदा कान्हाकडे पाहिलं, एकदा आबाजींकडे.

"उभी होती," ते म्हणाले.

सिस्टरनं जुना कागद काढला, मनगटाच्या नोंदीवर बोट ठेवलं. "आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही," सहदेवभाऊ म्हणाले. "पण या वेळी जरा सफाईनं पडलो."