जमैकाचे शेषरावभाऊ

आमच्या शेजारचे शेषरावभाऊ लग्नात गेले की आधी नवरा-नवरीला भेटत नाहीत. स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवतात, लेकराचा ताप बघावा तसा. "बेस कमी हाय गा," म्हणतात आणि मगच जेवायला बसतात.

हिंगण्याच्या कारखान्यात ते वायरमन होते. आता घराच्या पुढच्या खोलीत ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. तरुणपणी त्यांनी भंगारवाल्याकडून एक बिननावाची कॅसेट आणली. त्यात गाणारा दोन ओळी गाऊन गायब व्हायचा. उरायचे ड्रम, बेसची खोल धमधम आणि विहिरीत ओरडल्यासारखा त्याचा एखादाच शब्द. टेपरेकॉर्डर बिघडला असं समजून भाऊंनी तो तीन दिवस खोलून ठेवला, हेडसुद्धा बदललं. शेवटी कॅसेट दुसऱ्याच्या टेपवर लावली तेव्हा कळलं, गाणंच तसं आहे. हे जमैकातलं 'डब', हा शोध पुढे त्यांच्या लेकीनं, प्रज्ञानं मोबाइलवर लावला.

झालं! तेव्हापासून सगळं संगीत भाऊंनी जमैकाच्या नावावर केलंय. रीमिक्स? जमैका. रॅप? जमैका. मिरवणुकीत छाती हादरवणारा डीजे? "तिथल्या मिस्तऱ्यायनं सुरू केलं ना भाऊ! गाणाऱ्याले बाहेर काढलं अन् बटणंच वाजवले. काहून हासून राहिले? तुमच्या नातवाचं गाणं आणा, दाखवतो." आणि दाखवतात हो! मला आताशा पटायला लागलंय, पण हे मी घरी बोलत नाही.

एकदा वस्तीच्या कार्यक्रमात त्यांनी भर गाण्यात पाहुण्या गायकांचा आवाजच बंद केला. पाहुणे नुसतेच तोंडाची उघडझाप करत होते आणि भाऊ खूश: "आता गाणं दिसते!" त्यानंतर त्यांना कुणी माइकजवळ फिरकू दिलं नाही.

त्यांच्या बायकोचं, शोभावहिनींचं गाणं भाऊंनी स्वतः कॅसेटवर घेतलं होतं. एका बाजूच्या स्पीकरला वहिनींचा आवाज, दुसऱ्या बाजूला ढोलकी. वहिनी गेल्यापासून रोज सकाळी त्यांच्या घरातून नुसती ढोलकी ऐकू येते. मी ते जमैकाचं खूळच समजत होतो.

प्रज्ञाचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, माह्या लग्नात आईचं गाणं लावा." भाऊ म्हणाले, "कॅसेट खराब झाली." मी नंतर विचारलं, तेव्हा खाली बघत बोलले, "आवाज आला का ती घरात हाय असं वाटते. मंग गाणं संपते गा."



लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये यंत्रापाशी भाऊच बसले होते. स्वतःच्या पोरीच्या लग्नात त्यांना कोण अडवणार? बुद्धवंदना झाली, हार घातले, आणि ढोलकी सुरू झाली. नुसतीच ढोलकी. पांढऱ्या साडीतली प्रज्ञा स्टेजवरून बापाकडे बघत होती. मग वहिनींच्या आवाजात "लेकी" एवढा एकच शब्द आला आणि हॉलभर घुमत राहिला. पुन्हा ढोलकी. मी मनात म्हटलं, भाऊ, आज तरी जमैका सोडा.

भाऊंनी वहिनींच्या बाजूचं बटण पूर्ण फिरवलं आणि हात मागे घेतला. वहिनी गायला लागल्या, अख्खं गाणं. भाऊ उठले आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून उभे राहिले. बेसबद्दल काही बोलले नाहीत. गाणं संपलं तरी तो हात त्यांनी उचलला नाही. शेवटी प्रज्ञाच खाली येऊन त्यांना घेऊन गेली.