आधी अभिप्राय, मग पेला

कॉलेजच्या गावात खानावळी, झेरॉक्सची दुकानं आणि वसतिगृहं यांच्यापलीकडे कुणाचं काही अडत नाही. तरी यंदा त्या गावात एक उंची कॉकटेल बार निघाला, आणि बघता बघता अशी वेळ आली, की जो तिथं जाऊन आला नाही त्याच्या पदवीवरच लोक संशय घेऊ लागले. तर्कशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणतं, अजून गेले नव्हते. स्टाफरूममध्ये धूर निघणाऱ्या पेल्याचा विषय निघाला की ते मूग गिळून चहा पीत. त्यांच्या पत्नीची, म्हणजे बाईंची, पंचाईत याहून मोठी. रजिस्ट्रारच्या बायकोनं तो पेला त्यांना इतक्यांदा वर्णन करून ऐकवला होता, की शेवटी बाईंनी जाहीर केलं, लग्नाच्या वाढदिवसाला मला साडी नको, दागिना नको, तो पेला हवा.

तर गेले दोघं. आत उजेड इतका बेताचा, की सरांनी आधी खांबालाच नमस्कार केला. स्टुलं उंच असल्यामुळे बाईंचे पाय अधांतरी राहिले, पण त्यांनी ते उंचीपणातच धरलं. पेयांच्या यादीत पेयं नव्हती, भावना होत्या. विरह, पश्चात्ताप, उन्हाळ्याची सुट्टी अशा. वेटरनं अदबीनं विचारलं, आज मनाला काय वाटायला हवंय? बाई म्हणाल्या, तहान लागलीय. तहान यादीत नसल्याचं वेटरनं खेदपूर्वक कळवलं. मग धूर निघतो ती भावना द्या, असं ठरलं.

धूर ओकत पेला आला खरा, पण हाताला लागेल त्याच्या वीतभर अलीकडेच थांबला. तो धरून खुद्द मॅनेजर उभा होता. हा सरांचाच विद्यार्थी. तर्कशास्त्रात दोनदा आपटून तिसऱ्यांदा कसाबसा सुटलेला. त्यानं सरांना वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या हातानं टॅबचा चकचकीत पडदा पुढे सरकवला. त्यावर पाच रिकामे तारे होते.

"आधी अभिप्राय, सर. पूर्वी पिऊन झाल्यावर घ्यायचो. पण प्यायलेल्या माणसाचं मत ग्राह्य कसं धरणार? लोक वॉशबेसिनलासुद्धा पाच तारे देऊन जायचे. म्हणून आता फक्त शुद्धीवरच्या माणसाचं मत घेतो."

सरांनी या युक्तिवादात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. उलट पोरगं तयार झालं म्हणून त्यांचा ऊर क्षणभर भरून आला. पण इथंच घोडं पेंड खात होतं. सरांनी उभ्या हयातीत कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. सुधारणेला वाव नाही अशी वस्तू जगात असूच शकत नाही, हे त्यांचं तत्त्व. त्यांनी चष्मा सारखा केला आणि उदार मनानं तीन तारे दिले.

मॅनेजरचा चेहरा पडला. असमाधानी ग्राहकाला दारू देणं धोरणात बसत नाही, असं त्यानं जड अंतःकरणानं सांगितलं. दुःखी माणसाला पाजून पाजून आपण त्याचं दुःख वाढवतो, समाजाप्रती आपलीही काही जबाबदारी आहे. एवढं बोलून तो पेला घेऊन निघाला. बाईंनी धुराच्या मागोमाग नजर नेली आणि मग ती नजर नवऱ्यावर आणून ठेवली. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

पुनर्मूल्यांकनाची सोय होती. कॉलेजच्या गावात ती नसून कसं चालेल? शुल्क भरून पडदा परत आला, सोबत नवा पेला. या वेळी तारे पुरे नव्हते, चवीबद्दल चार ओळीही लिहायच्या होत्या. तत्त्व एकीकडे आणि बायको एकीकडे. बायको जवळ बसलेली असल्यामुळे तत्त्व हरलं. सरांनी पाचही तारे पेटवले, आणि एकदा सोडलं म्हटल्यावर सगळंच सोडून लिहिलं, की पहिल्या घोटाची जादू जिभेवर रेंगाळत राहते, दुसऱ्या घोटाला माणूस स्वतःला नव्यानं भेटतो, आणि अशी चव आयुष्यात पूर्वी कधी चाखली नव्हती.

मॅनेजर गहिवरला. त्यानं सरांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि पेला उचलून चालू लागला.

"अरे, पेला!" सर म्हणाले.

"आता कशाला, सर? पूर्ण समाधानी झालात की. यावर प्यायलात तर समाधान कमीच होईल. ती जोखीम आम्ही घेत नाही."

सरांनी पुन्हा खोट शोधली. पुन्हा सापडली नाही. तेल गेलं, तूप गेलं, आणि निदान हाती राहावं असं धुपाटणं, तेही मॅनेजर घेऊन गेला.

घरी येऊन बाईंनी स्वयंपाकघरात थोडी खुडबुड केली आणि सरांच्या पुढ्यात एक ताट आणून ठेवलं. वर झाकण होतं. सरांनी झाकणाला हात घातला, तसा बाईंनी तो धरला.

"तीस वर्षं माझ्या हातचं जेवताय. 'बरं झालंय'च्या पुढे तुमची गाडी कधी गेली नाही. आणि त्या मेल्याच्या पेल्याला ओठ न लावता पाच तारे? आता आधी अभिप्राय द्या."

सरांना भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली होती. ते खाली मान घालून म्हणाले, "पैकीच्या पैकी."

ऐकून बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी झाकण काढलं. ताट घासूनपुसून लख्ख होतं. समाधानी माणसाला आणखी काय वाढायचं, असं म्हणून त्या दिवा मालवून झोपायला गेल्या.

सरांचा अभिप्राय मात्र गावभर फिरला. शेकडो लोकांनी त्याखाली अंगठा उमटवला, आणि त्या शनिवारी बारबाहेर रांग लागली. ज्यांनी अंगठे दिले त्यांतल्या एकानंही तो शेवटपर्यंत वाचला नव्हता. आता इकडेतिकडे बघू नका. त्यातला एक अंगठा तुमचा आहे.