तिगावच्या मेहुण्यांची पत्रिका

बोरगावच्या हेमराजभाऊंच्या सुचिताचं लग्न ठरलं आणि तिगावच्या मेहुण्यांना, म्हणजे यशवंतरावांना, पत्रिका पाठवण्याचा गंभीर प्रश्न उभा राहिला. यशवंतरावांच्या मते मोबाईलवर आलेलं निमंत्रण हे निमंत्रण नव्हे, ती अफवा होय.

हेमराजभाऊ सौंसरला गेले. तिथं सरकारी टपालाची खिडकी आणि खासगी कुरिअरचं दुकान समोरासमोर.

"त्या कुरिअरवाल्याईले देऊ नोका," खिडकीतले बाबू म्हणाले. "पत्र नेण्याचा हक्क फक्त सरकारचा."

"तो कायदा बदलला म्हणते ना?"

"बदलला असन. पण त्याचं परिपत्रक अजून टपालानं येऊन राहिलं."

समोरच्या दुकानातली सुप्रिया म्हणाली, "काका, आमचं पाकीट विमानानं जाते."

"तिगावले विमान उतरते?"

"आमचं नेटवर्क आहे ना!"

भाऊंनी शहाणपणानं दोघांकडेही एकेक पत्रिका दिली.

पत्त्यात भाऊंनी सवयीनं जिल्हा छिंदवाडा लिहिला होता. पण तिगाव ज्यात येतं तो पांढुर्णा आता स्वतःच जिल्हा झाल्यामुळे सरकारी पत्रिका तिगावच्या दारातून नियमानुसार छिंदवाड्याला रवाना झाली. खासगी पत्रिका नागपूर, भोपाळ, इंदूर करत राहिली आणि प्रत्येक मुक्कामाहून भाऊंना मोबाईलवर कळवत राहिली, की मी अगदी जवळ आहे.

"पोरीच्या आधी पत्रिकाच गेली हनिमूनले," वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

भाऊ तडक सुप्रियाकडे.

"काका, तिगाव आमच्या एरियात येत नाही. तुमचं पाकीट आम्ही सरकारी टपालात टाकलं."

भाऊ धावत रस्ता ओलांडून खिडकीवर. बाबू शांतपणे म्हणाले, "आमची थैली आता ठेक्यावर जाते."

"कोणाच्या?"

बाबूंनी समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

मग भाऊंनी मोटारसायकल काढली, तिगाव गाठलं आणि हळदकुंकू लावलेली तिसरी पत्रिका मेहुण्यांच्या हातात दिली. यशवंतराव सुखावले, पण म्हणाले, "दोन-दोन सेवा असून तुम्ही कायले आले, बावा?"

दुसऱ्या दिवशी यशवंतरावांना आधी बाबूंचा, मग सुप्रियाचा फोन आला : पत्रिका मिळाली काय?

"हाव, मिळाली ना!"

दोन्हीकडे प्रकरण निकाली निघालं. भाऊंच्या मोबाईलवर दोन संदेश आले : 'आपलं टपाल यशस्वीरीत्या पोहोचलं. सेवा कशी वाटली?'

"जाऊ द्या, कोणाच्या पोटावर कायले पाय द्यायचा," म्हणत भाऊंनी दोघांनाही पाच-पाच तारे दिले. त्या ताऱ्यांवर पांढुर्ण्यात दोन्ही सेवांचा एकाच मंचावर सत्कार झाला.

हसताय? परवा तुमच्याकडे कुरिअरनं फुटका डबा आला, तेव्हा तुम्ही किती तारे दिले होते?