नॅनो घेतलं

"नॅनो?" श्रीपत खुर्चीवरून ताडकन उठला. "डॉक्टरीणबाई, इथं पण नॅनो?"

खोपोलीच्या दवाखान्यात डॉक्टर झिनत त्याच्या बायकोला, जानकीबाईला, उद्याचं ऑपरेशन समजावत होत्या. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीजवळ लोखंडाच्या अतिबारीक कणांचं इंजेक्शन द्यायचं. ते कण सरकत सरकत काखेतल्या पहिल्या ग्रंथीत जाऊन बसतात. मग चुंबकाच्या दांडीनं ती ग्रंथी हुडकायची आणि तेवढीच काढून तपासायची. ती स्वच्छ निघाली तर बाकीची काख शाबूत, हातही न सुजता धड राहतो. पण 'नॅनो कण' हे शब्द कानावर पडले आणि श्रीपतचं पुढचं ऐकणंच बंद झालं.

कडावच्या त्याच्या घरी खाटेखाली नॅनो खताच्या तीन बाटल्या पडून होत्या. ह्या घे, नाहीतर युरियाची गोणी नाही, असं म्हणून दुकानदारानं त्या गळ्यात मारलेल्या. तेव्हापासून नॅनो म्हटलं की त्याचं टाळकं सटकायचं. शिवाय आज तो मनातून पार घाबरला होता, आणि घाबरला की त्याला रागच यायचा.

"भाताला लागू पडलं नाय, ते बायकोला पडंल? थांबा, बाटल्याच आणून दाखवतो. तवर हिला हात लावायचा नाय!"

"अवो, ऐका तरी," जानकीबाई म्हणाली. पण तो जिना उतरलासुद्धा.

दोन रिक्षा बदलून तो घरी गेला आणि परत आला. येईपर्यंत राग दुप्पट झाला होता. दारावर वाल्मिक नावाच्या रखवालदारानं पिशवी उघडली. आत उंदरांनी लेबलं कुरतडलेल्या बाटल्या, त्यातली एक अर्धी.

"काका, हे शेतातलं औषध हाय?"

"मग काय सरबत हाय?"

वाल्मिकनं अर्धी बाटली उजेडात धरली. "तुमी घेतलंय?"

"घेतलंय! मनात नव्हतं, तरी घेतलं!"

"किती?"

"तीन बाटल्या! आज सोक्षमोक्षच लावतो!"

वाल्मिकनं त्याला कवटाळलं आणि बोंब ठोकली, "सिस्टर! काकांनी औषध घेतलं!"

चौघांनी मिळून श्रीपतला खाटेवर आडवा केला. "अरे, विकत घेतलं रं, विकत!" असं तो ओरडेपर्यंत नळी नाकातून घशात पोचली होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बायको बरी होईल रं बाबा, जीव कशाला देतोस?" घशात नळी असल्यामुळे श्रीपत नुसत्या डोळ्यांनी शिव्या देत होता.

डॉक्टर झिनत धावत आल्या, बाटल्या पाहिल्या आणि नळी काढायला लावली. त्यांच्यामागून जानकीबाई आली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"जानकी, घरी चल," श्रीपत घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कसलं घरी? सही केली मी. इंजेक्शन पण टोचून झालं."

"मला न विचारता?"

"हात कुणाचा हाय? लावणीला वाकतंय कोण? तुमी बांधावर बसून दुकानदाराला शिव्या देता, रोपं मी लावते. मला माझा हात पायजे!"

श्रीपतचा राग कुठल्या कुठे गेला. उरली ती नुसती भीती, आणि ती त्याला लपवता येईना.

"दुखलं का गं?"

"नाय." तिनं बाटल्यांची पिशवी उचलून वाल्मिकच्या हातात दिली. "आन् मी बाईंना इचारलं, यासोबत आणखी काय घ्यावं लागतंय का? त्या म्हणाल्या, नाय काकी. मी म्हटलं, बरं झालं. आधीच गळ्यात मारलेलं एक बाहेर बोंबलतंय, तेवढं बास हाय."